समोरचा खंदक

(पत्र्याच्या शेडमधलं वेल्डिंगचं दुकान. शेजारच्या गल्लीतली शिलाईवाली मावशी दारात उभी आहे.)

मावशी : आत बोलावतोस, की दारातूनच वाटेला लावतोस?

वेल्डर : या ना. त्या पाइपला हात लावू नका, तापलाय.

मावशी : परत आल्यापासून माझी गल्ली टाळतोस तू. माझा मुलगा तुझ्याच विमानातून गेला होता. एजंट म्हणतो, ट्रक उलटला. खरं काय ते सांग.

वेल्डर : तोंड उघडलं तर राहिलेला पगार विसर, असं बजावलंय त्याने.

मावशी : आणि मी काय काय विसरू?

वेल्डर : बसा. सांगतो. विमानतळावर दोन गाड्या आल्या होत्या. मी एकीत बसलो, तो दुसरीत. मला फाटकं जोडायला नेलं होतं, त्याला स्वयंपाकाला. थोड्याच दिवसांत माझ्या हातात बंदूक आली. तिथला लष्करी साहेब म्हणाला, सैनिक मेला तर बोभाटा होतो, पेन्शन द्यावी लागते. तुमचं तसं काही नाही.

मावशी : आणि त्याच्या हातात?

वेल्डर : तेच. पण समोरच्या खंदकात.

मावशी : समोरच्या म्हणजे?

वेल्डर : आम्ही ज्यांच्यावर गोळ्या झाडायचो, त्यांच्यात. एजंट दोन्हीकडे माणसं पुरवतो, मावशी. त्याचं कमिशन दोन्हीकडून.

मावशी : तू पाहिलंस त्याला?

वेल्डर : नाही. शिंक ऐकली. लागोपाठ तीन, आणि शेवटी ‘आई गं’.

मावशी : हो. बाप ओरडायचा त्याच्यावर, गल्ली जागी करतोस म्हणून.

वेल्डर : मी हाक मारली. मग तो म्हणाला, ‘वर मार रे, मीपण वर मारतो.’ तेव्हापासून आम्ही दोघं आभाळातच गोळ्या घालायचो. मग एके दिवशी, उजाडताना, ड्रोन आलं. समोरचा अख्खा खंदक गेला. आमची माणसं नाचली. मी कान लावून बसलो होतो.

मावशी : ट्रक नव्हताच म्हणजे.

वेल्डर : नव्हता. अजूनही गिऱ्हाईक शिंकलं की माझा हात जागच्या जागी थांबतो.

मावशी : जावई आज त्याच एजंटाच्या ऑफिसात सही करायला गेलाय. म्हणाला, अपघात कुठेही होतो, त्यात नोकरीचा काय दोष? मी अडवलं नाही. मला तरी कुठे काय ठाऊक होतं?

वेल्डर : माझं ऐकेल तो?

मावशी : तू तिथे होतास.

वेल्डर : एजंटासमोर माझी वाचा बसते, मावशी.

मावशी : माझी नाही बसत. मी बोलते. तू फक्त शेजारी उभा राहा.

वेल्डर : पगारावर पाणी सोडायचं म्हणजे.

मावशी : हो रे बाबा.

वेल्डर : थांबा, हात धुऊन घेतो.

मावशी : राहू दे. तसाच चल.