कठड्यापाशी काय बोलणं चाललंय

(धबधब्यासमोरची छोटी खानावळ. जेवणं नुकतीच आटोपली आहेत. खिडकीशी नवरा-बायको. बाहेर कठड्यापाशी त्यांची मुलगी चिमी आणि तिची होणारी सासू.)

बाबा : काय म्हणतायत त्या?

आई : अजून काही नाही. कठड्याला टेकून पाणी बघतायत.

बाबा : नीट बघ ना.

आई : अहो, काच तरी पुसू द्या. पुसून वळले नाही तोवर पुन्हा तुषार बसतात.

बाबा : इतकी वर्षं या आवाजात एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं वाचत आलो आपण, आणि नेमकी आजच मला चष्म्यावर बसायची बुद्धी झाली.

आई : बसलात ते बसलात, वर "कोणी ठेवला इथे" म्हणून माझ्यावरच ओरडलात. विहीणबाई दारात उभ्या होत्या.

बाबा : ओरडलो कुठे? साधं बोललो.

आई : आपलं साधं बोलणं लोकांना भांडण वाटतं. चिमीनं काल किती बजावलं होतं, बाबा, उद्या हळू बोला, त्यांचं घर फार शांत आहे म्हणून.

बाबा : जन्म गेला या पाण्यात नाव चालवण्यात. इथे हळू बोलून कुणाचं भागलंय? तरी मी केला की प्रयत्न. सुरुवातीला.

आई : मासा वाढेपर्यंत. मग त्या टोपी वाहून गेलेल्या पाहुण्याचा किस्सा काढलात, आणि पलीकडच्या टेबलावरचं बाळ दचकून उठलं.

बाबा : किस्सा चांगला आहे तो. पण त्या हसल्या नाहीत, हे खरं. जेवणभर एक शब्द नाही. नुसत्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, मिशीला काही लागलंय.

आई : लागलं होतंच. लग्न झाल्यापासून सांगतेय, त्या मिशांच्या झाडीत तुमचे ओठ दिसत नाहीत. तुम्ही नावेतून काहीतरी सांगता आणि मी काठावर आपली अंदाज बांधत बसते.

बाबा : मिशांचं राहू दे. लग्नातसुद्धा हात लावू दिला नव्हता मी कुणाला. तिकडे काय चाललंय ते सांग. जावईबापू कुठेत?

आई : जावईबापू काय लगेच! पूल दुरुस्त करायला आला होता, अजून पूलवालाच आहे तो. रेनकोट आणायला खाली नावेपाशी गेलाय. चिमी त्यांना धारेजवळ घेऊन जाणार असेल.

बाबा : आणि त्याच्या आईनं मनापासून हो म्हटल्याशिवाय लग्न नाही, हे आपल्याच चिमीचं म्हणणं. आता त्या नाही म्हणाल्या ना, तर ते माझ्या तोंडामुळे. पोरगी मला एका शब्दानं बोलणार नाही, पण मला कायमचं लागून राहील.

आई : थांबा. बोलतायत.

बाबा : काय?

आई : "किती सुंदर आहे गं." खाली काळ्या खडकापाशी इंद्रधनुष्य पडलंय. चिमी दाखवतेय, नदी कुठे दोन होते आणि कुठे परत एक होते.

बाबा : ते मला माहीत आहे. पुढे?

आई : "तुझे बाबा..."

बाबा : मी काय?

आई : "तुझे बाबा फार मोठ्यानं बोलतात."

बाबा : झालं. मी जाऊन माफी मागतो. अगदी हळू आवाजात.

आई : तुमचा हळू आवाज त्या पाण्यापुढे कोणाला ऐकू जाणार आहे? बसा खाली.

बाबा : चोरून ऐकणं बरं नव्हे, असं मी म्हणतच होतो.

आई : ऐकतंय कोण? मी बघतेय. आणि "नीट बघ" कोण म्हणालं मघाशी? आता जरा गप्प राहा.

बाबा : राहिलो.

बाबा : (जरा वेळानं) अगं, तूच गप्प झालीस की. काय झालं? डोळ्यांत पाणी का आलं तुझ्या? एवढं जवळचं मला चष्म्याशिवायही दिसतं.

आई : त्या सांगतायत, "छापखान्यात आयुष्य गेलं. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. कोणाला सांगितलं नाही. मुलगा बोलतो, मी मान हलवते. त्याला वाटतं, आई आता शांत झालीय."

बाबा : म्हणजे ते शांत घर...

आई : अहो, ऐका तरी. "आज कितीतरी दिवसांनी जेवताना सगळं ऐकू आलं. कोणी भात मागितला, कोण कोणाला काय म्हणालं. तुझ्या आईनं त्यांना झापलं, तेसुद्धा."

बाबा : ते बरं ऐकू आलं.

आई : "फक्त त्या टोपीचं पुढे काय झालं, ते निसटलं. कानाला कमी पडतं ते मी तोंडाकडे बघून भागवते. तुझ्या बाबांचं तोंडच दिसत नाही."

बाबा : आणि चिमी काय म्हणतेय?

आई : तिनं आपल्याकडे पाठ केलीय. तिला ठाऊक आहे मी बघत असणार. त्यांचे दोन्ही हात धरलेत तिनं. हसतायत त्या. "मग मलाही शिकव ना, तुम्हा लोकांसारखं ओठांवरून वाचायला. घरी आलीस की शिकव."

बाबा : घरी आलीस की, असं म्हणाल्या?

आई : असंच म्हणाल्या.

बाबा : नक्की? काचेवर तुषार असतील.

आई : काच स्वच्छ आहे. माझेच डोळे पुसायचे राहिलेत.

बाबा : किती बरं वाटलं गं.

आई : हो ना. पण हे बघा, आपण काही पाहिलेलं नाही. मुलाला कधी सांगायचं, ते त्यांचं त्या ठरवतील.

बाबा : मला कुठे काय दिसतंय? पण आता चहाला इकडेच येतील ना त्या?

आई : नावेतून आल्या की येतील. चिमीनं आत्ताच इकडे वळून खूण केली, चहा ठेव म्हणून.

बाबा : मग जरा वेळ आहे. कात्री आण.

आई : कात्री कशाला?

बाबा : टोपीचा किस्सा पुन्हा सांगायचाय. तूच काप, मला आरशात धड दिसणार नाही.

आई : या, असे उजेडात बसा. मान वर करा.

बाबा : फार नको हं. ओठ दिसतील इतक्याच.