बोटीला लागलेलं पाणी

आमच्या दाजींना ट्रॅक्टर कळतो, म्हणून जगातलं सगळंच कळतं. लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळात आमची मासेमारीची मोटरबोट धरणाच्या कोरड्या तळात पडून होती. म्हटलं, निदान गिअर ऑइल तरी बदलू.

मी सांगायलो, "दाजी, ह्याच्यात ऑइल खालच्या भोकातून वर चढवतेत."

"येडा का खुळा? ऑइल वरूनच वततेत."

वरून ओतलं, ते समदं माझ्या पायजम्यावर आलं. वैतागून मी खालचा स्क्रू काढला, तर खालच्या डबड्यात उतरलेलं जुनं ऑइल दुधासारखं पांढरं. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलेलं.

दाजी मोठ्यानं वरडले, "पाणी लागलं, पाणी."

पलीकडं झरा खणणाऱ्या बाया घागरी घेऊन पळत आल्या. कौसामावशीनं डबड्यात वाकून बघितलं.

"समदं गाव पाणी हुडकायलंय, अन् तुम्ही हितं दडवलं व्हय रं?"