अठराव्या प्रकरणानंतर

(घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. मामा डोळ्याला भिंग लावून कामात. समोरच्या स्टुलावर सिनेमे करणारी भाची.)

मामा : नाही म्हणजे नाही. तुझ्या मामीच्या कादंबरीत अकरा जण मिळून गोष्ट सांगतात, वर्षं मागेपुढे उड्या मारतात. दोन तासांत कोंबणार कशी?

भाची : चार वर्षं त्यावरच डोकं फोडलंय, मामा. मामी गेली, आता तिच्या पुस्तकाचे हक्क तुझ्याकडे. फक्त सही हवी.

मामा : लोक ते पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. प्रत्येकाच्या मनात त्या माणसांचे आपापले चेहरे असतात. तू एकच नट आणून उभा करणार.

भाची : हे चारचौघांत द्यायचं उत्तर झालं. खरं कारण बोल.

मामा : त्यातला घड्याळजी मीच आहे गं. भांडून गेलो होतो तीन महिने. पुस्तकात तो गेला तो गेलाच. आता थिएटरात सगळं गाव बघणार, बायकोला टाकून गेलेला माणूस!

भाची : गेलाच? अरे, तो परत येतो!

मामा : उगाच माझी समजूत काढू नकोस.

भाची : विसाव्या प्रकरणात! मामा, तू वाचलंयस ना पुस्तक?

मामा : लिहून झालं की ती एकेक प्रकरण वाचून दाखवायची. अठराव्यात मी घर सोडतो. मी भडकलो, म्हटलं, यापुढचं मला ऐकवायचं नाही. तिनं नाही ऐकवलं. छापून आल्यावरही मी उघडलं नाही. कुणी विषय काढला की उठून जायचो.

भाची : धन्य आहेस! थांब, माझ्या पिशवीत आहे. हे बघ. तो येतो, तर बेल बंद. दार ठोठावायचा धीर होत नाही, म्हणून तिथंच बेलचं बटण उघडून दुरुस्त करत बसतो.

मामा : बसलो होतो. अर्धा तास लागला.

भाची : आणि ती आत, दाराला कान लावून उभी. हात कडीवर, पण उघडत नाही. 'मध्येच उठवलं तर काम अर्धं राहील, आणि मग हा दिवसभर चिडचिड करील.'

मामा : पुन्हा वाच.

भाची : वाचते. पण सिनेमाचं काय?

मामा : बाकीचं काय कापायचं ते काप. या दाराला हात लावायचा नाही. आण तो कागद.

भाची : मामा, रडतोयस?

मामा : अर्धा तास उभी होती... आणि मला म्हणाली, झोप लागली होती.