चार नवे टायर

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत विमलाबाई द्वारका चौकाजवळच्या टायरच्या दुकानात बसून राहिल्या. शेजारी, घाटात बंद पडलेले ट्रक आपल्या गाडीनं ओढून आणणारा सहादू आणि त्याची बायको चांगुणा यांची जुंपली होती.

“गाडीच्या सहा चाकांना नवे चारच मिळालेत. चारही मागं घालतो.”

“पयले पुढं दोन घाला. पुढचा फुटला तर? पुढं तुम्ही बसता.”

“अगं, कसाऱ्याच्या चढाला सगळा जोर मागच्या चाकांवर. ती घसरली, तर साखळीला बांधलेला ट्रक आपल्याला मागं नेतो.”

“मग साखळी सोडायची!”

“त्या ट्रकात बी ड्रायव्हर बसलेला असतो, चांगुणा.”

“...त्याची बायको?”

“ती असंल घरी. तिला काय ठाऊक!”

“मग तिच्या वाटचं मी बोलते. मिस्त्री, चारही मागं घाला. आन् अहो, माझ्या वाटचं तुम्ही घरी गेल्यावर ऐका.”