तानूबाईनं हात आवरला

मंडळी, ऐका. सेवा करणाऱ्याच्या हातून चूक घडते का? पहिल्या रांगेतल्या आया डोळे वटारू लागल्या — थांबा, आधी गोष्ट तर ऐका!

केरबा बुरूड. सुपं-टोपल्या विणणारा. एका सकाळी बांबू सोलता सोलता कलंडला. कुठं घसरला नाही, डोकं आपटलं नाही. रक्तदाब चढला आणि मेंदूतली शीर आतल्या आत फुटली. डॉक्टरांनी कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. जीव राहिला. पण उजवा हात लुळा, पाय ओढता, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "पहिले सहा महिने मोलाचे. जे परत यायचं, त्यातलं पुष्कळ तेव्हाच येतं."

बायको तानूबाई. तिनं काय ठरवलं? धन्याला बोट उचलू द्यायचं नाही! घास ती भरवी, बटण ती लावी, नाकावर माशी बसली तर तीही तीच उडवी. गल्ली म्हणायची, "बायको असावी तर अशी." तुम्हीआम्हीही तेच म्हटलं असतं.

तीन महिने गेले. हात तसाच. तानूबाईला वाटे, माझी सेवाच कमी पडतीय.

मग व्यायाम शिकवायला शिरीन मुल्ला नावाची पोरगी आली — नेमकी जेवणाच्या वेळी. घटकाभर बघत बसली.

"काकू, काकांचा उजवा हात शेवटचा कामाला कधी लावलात?"

"मी जित्ती असताना त्यांनी कशापायी हलवायचा?"

"मग तो हलणार कसा? रोज चालल्याबिगर पायवाट पडती का? गिळताना ठसका लागत नाही ना? उद्यापासनं ताट पुढं ठेवा आणि गप बसा."

"सांडतील की गं."

"सांडू दे."

दुसऱ्या दिवशी दूध-भाकरी पुढं ठेवली आणि तानूबाईनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबले. केरबाचा हात थरथरत निघाला, ताटाच्या कडेला आपटला. दूध लुंगीवर. घास अर्ध्यावर गळाला. पुन्हा उचलला, पुन्हा गळाला. मंडळी, निर्जळी उपास सोपा. हे बघत बसणं सोपं नाही.

असे दहा दिवस. अकराव्या दिवशी घास हनुवटीपर्यंत आला आणि कलू लागला. तानूबाईला राहवलं नाही, तिचा हात पुढं झालाच. केरबानं डाव्या हातानं तो बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे."

दुखण्यानंतरचा पहिला शब्द! आणि घास तोंडात गेला.

"बोलले, ते बी मलाच दटावायला," तानूबाई म्हणाली, आणि पदर तोंडात धरून रडली.

वर्ष झालं. सगळं परत आलं नाही, खोटं कशाला सांगू? बोटं वाकडीच आहेत, मोठी टोपली होत नाही. बांबूची पट्टी पायाच्या अंगठ्यात धरून फुलांची लहान परडी विणतो. एकीला आठवडा लागतो. तानूबाई शेजारी असते. पट्टी निसटली तर उचलत नाही.

आता घरी जा. असेल कुणी, ज्याला पेला उचलायला वेळ लागतो. तुमचा हात पुढं होईल. आवरा. घाई करू नका, उठूनही जाऊ नका, जवळ बसून राहा. देवही आपल्यापाशी असाच बसलेला असतो बाबांनो, हात आवरून.