मनीषाची सूचना वेळेवर गेली होती

काका, काकू, आणि गोडादऱ्यात आज या मंडपात जमलेल्या सगळ्यांनो, मध्येच माझा आवाज थांबला तर सांभाळून घ्या. मी कविता. ऑफिसात मनीषाच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. मोबाईलची ॲप बनवणं हे आम्हा दोघींचं काम.

मनीषाने रक्तदात्यांसाठी ॲप केलं होतं. कुठे रक्त लागलं, की जवळच्या दात्यांच्या फोनवर सूचना वाजायची. पण दाता ॲपमधून बाहेर पडला, की सूचना वाजण्याऐवजी ॲपच बंद पडायचं. दोष सापडत नव्हता. तेवढ्यात तीच आजारी पडली. रक्ताचा कॅन्सर.

दवाखान्यातही ती लॅपटॉप उघडून बसलेली. मी म्हटलं, "राहू दे ना, दुसरं कुणी बघेल."

"अगं, सापडलं! फोनकडून काम करून घ्यायला कॉन्टेक्स्ट हा दुवा लागतो ना? सूचनेने तो एका स्क्रीनचा धरलाय. स्क्रीन गेला, की तोही गेला. अख्ख्या ॲपचा जो सामाईक कॉन्टेक्स्ट असतो, तो मागायला हवा. तो ॲप चालू असेपर्यंत राहतो."

एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताने टायपिंग. तिची आई, म्हणजे आपल्या काकू, उशाशी बसून म्हणायच्या, "माय, पहिले जेवी ले." ती हो म्हणायची. जेवायची नाही.

दुरुस्ती झाली. मग जवळच्या कडोदऱ्याला एका बाईचं बाळंतपण अडलं, रक्त लागलं. फोन वाजले, दाते धावले. बाई वाचली.

"आणि बाळ?" मनीषाने विचारलंच.

"बाळ गेलं," मी म्हटलं.

"सूचना उशिरा गेली का? खरं सांग."

मी तपासून आले होते. "वेळेवर गेली, मनीषा. लगेच गेली."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. रडली. कधी न पाहिलेल्या बाईच्या बाळासाठी रडली. स्वतःसाठी रडताना मी तिला पाहिलं नाही.

नंतर तिच्यासाठीही सूचना गेली. तुमच्यातले कितीतरी जण धावत आलात. रक्त मिळालं हो. सगळं मिळालं. तरी ती राहिली नाही. असं का, कुणी सांगेल? मला तर कळत नाही.

काकू, तुम्ही बसूनच राहा. बाकीचे आपण तिच्यासाठी क्षणभर उभे राहू. बोलू नका. रडू आलं, तर मात्र आवरू नका.