बियाणेवाल्याच्या जीपमधला अँप

आमच्या सलीमइतका हुशार येडा मी वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही. गाड्यांमधले बंद पडलेले टेप अन् आवाज वाढवणारे अँप घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे, हा त्याचा धंदा. त्या सालात लोक दुबार पेरून राहिले होते, अन् भातकुलीच्या एका बियाणेवाल्या शेठच्या जीपमध्ये गाणं असं वाजे, की बाजूच्या गावाले ऐकू जाय. तोच अँप बंद पडला अन् शेठनं विकायले काढला. सलीमसंगं मीही गेलो.

"माल एक नंबर हाय मिस्त्री," शेठ म्हणे. "फक्त फ्यूज गेला."

मी सलीमच्या कानात म्हटलं, "फ्यूजच गेला असता, तर यानंच नवा टाकला नसता काय?"

सलीमनं झाकण उघडून मीटर लावला. तेवढ्यात एक बाई बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन आली. "भाऊ, तुमचं बियाणं उगवलंच नाही."

"बियाणं एक नंबर हाय मावशी. तुमच्या जमिनीतच खोट हाय. दुसरी पिशवी नेऊन पेरा."

सलीमनं खाडकन झाकण लावलं. "शेठ, अँपही एक नंबर हाय. तुमच्या जीपमध्येच खोट हाय. दुसरी जीप घेऊन पाहा."

बाई अशी हासली, की शेठ पाणी प्यायले उठला.

बाहेर येऊन मी म्हटलं, "वाचलो बे! अंदरून पुरा जळला असन."

"नाही बे. खरंच फक्त फ्यूज गेला होता."

"मंग घेतला काहून नाही?"

"अबे, त्या बाईसमोर त्याचा माल एक नंबर निघू देऊ काय?"